अकरा दहा ते अकरा चौदा

एक निळी बॅग.

ऑफिसच्या खणातली लग्नाची अंगठी, क्रमांक सतरा. सही करून न्यायची, सही करून परत करायची.

एकच घास खाल्लेला बेगल.

गाडीच्या काचांवर आतून जमलेली वाफ.

वहीतली एक ओळ : ११.१२, लॉन्ड्रीत गेला.

ती ओळ मिरेयने तिसऱ्यांदा वाचली. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"वाचून वाचून अक्षरं बदलणार आहेत का?" स्टिअरिंगवर हात टेकून रेजिस म्हणाला.

"तो लॉन्ड्रीत गेला हे तू पाहिलंस?"

"दुसरीकडे कुठे जाईल?"

कुठेही. मॉन्ट्रियलच्या त्या गल्लीत लॉन्ड्री होती, बेकरी होती, समोर मुलांचं वाचनालय होतं. ज्याच्यावर दोघं तीन आठवडे पाळत ठेवून होती, आणि कागदोपत्री ज्याला सगळे 'सुतार' म्हणत, तो अकरा दहाला खांद्यावर निळी बॅग अडकवून गल्लीत शिरला. अकरा चौदाला दुसऱ्या टोकाला दिसला, तेव्हा त्याचे हात मोकळे होते. पथकाच्या दुसऱ्या गाडीने त्याला लगेच उचललं. तो तोंड उघडत नव्हता.

पाळतीवरच्या जोडप्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात : सावजाची नजर गाडीकडे वळली की एकमेकांत गुंतायचं. नजर हटली की लगेच डोकं वर काढायचं. मिरेय आणि रेजिसला हे इतकं छान जमायचं की ऑफिसात सगळे म्हणत, खरंच संसार थाटा, निदान सरकारची अंगठी तरी वाचेल. दोघं हसायची. गेल्या महिन्यापासून जरा जास्तच मोठ्याने.

आज मिरेय म्हणाली, "बघतोय." मग चार मिनिटं कुणीच डोकं वर काढलं नाही.

ती चार मिनिटं रेजिसने एका ओळीत बुजवली होती, आणि त्या ओळीवर विसंबून आता पथकातली सहा माणसं लॉन्ड्रीतलं एकेक मशीन उघडत होती. वायरलेसवर त्यांचे आवाज येत होते. सातवं रिकामं. आठवं रिकामं.

मिरेयने बाहीने काच पुसली. वाचनालयाच्या दाराशी बर्फातले छोटे बूट ओळीने ठेवले होते. लाल, पिवळे, एक जोडी उलटसुलट. शनिवारी अकराला तिथे गोष्टी सांगतात.

"सांगितलं तर तुला हॅलिफॅक्सला टाकतील आणि मला व्हँकुव्हरला," रेजिस म्हणाला. "अख्खा देश मध्ये."

"बूट बघ."

त्याने पाहिलं. स्टिअरिंगवरचे हात मांडीवर आले. वायरलेस तिच्या हातात होता, तो त्याने काढून घेतला नाही.

"ओदेत, अकरा बाराची ओळ खोटी आहे. चार मिनिटं आम्ही पाहतच नव्हतो. वाचनालय रिकामं करा. आत्ता."

पथकाची प्रमुख ओदेत कधी आवाज चढवत नसे. पलीकडे तिने दोन हुकूम दिले, मग पुन्हा यांच्याकडे वळली.

"तो तुमच्याकडे बघत होता का?"

मिरेयने तोंड उघडलं. तेवढ्यात रेजिसने वाकून तिच्या हातातलं बटण दाबलं.

"बघत होता. मिरेयने वेळेवर सावध केलं. ओळ माझी आहे, माझ्या एकट्याची."

"बरं. अंगठ्या चार वाजेपर्यंत जमा करा," ओदेत म्हणाली. "मग बोलू."

मुलं नुसत्या मोज्यांनी बर्फातून बाहेर आली, कुणी कडेवर, कुणी फरफटत. त्यानंतर वीस मिनिटांनी बॉम्बनाशक पथकाची जाड पोशाखातली दोन माणसं निळी बॅग दोन्ही बाजूंनी धरून वाचनालयाची पायरी उतरली. एकेक पाऊल टाकत.

मिरेय अंगठी फिरवत राहिली. ती बोटात घट्ट बसली होती.

"रेजिस, मी तुला 'बघतोय' म्हणाले ना..."

"तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं होतं," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

अकरा दहाला सुताराची गाडीकडे पाठ होती.