एक तुझं, एक माझं

लाकडी तक्त्यावर पाऊल ठेवण्याआधी तिने चपला काढल्या, तसा फोरमन हसला.

"राहू द्या, ताई. घर अजून कारखान्यातच आहे."

"असू दे की," ती म्हणाली आणि अनवाणी पायांनी आपल्या घरात शिरली.

शिरली म्हणजे काय, तर गुडघाभर उंच लोखंडी टेकूंवर ठेवलेल्या त्या लांबरुंद तक्त्यावर चढली. घराची जमीन तेवढी तयार झाली होती. भिंती अजून शेडच्या कडेला ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर निळ्या पेन्सिलीने आकडा घातलेला. डोक्यावरची पिवळी टोपी तिला मोठी होत होती आणि सारखी डोळ्यांवर येत होती. एका हाताने ती सावरत तिने पावलं मोजली. इथे ओटा. इथे टेबल. इथे आपण.

मास्तर पुढे ऑफिसात होता. मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत गणित शिकवायचा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी तीही तेच म्हणायची. खरं तर आज तिने येऊच नये असं त्याने दोनदा सुचवलं होतं. शनिवारी तुझी ड्यूटी असते, उगाच कशाला दगदग, भिंतींत काय बघायचंय, मी सह्या करून येतो. पण घर ट्रेलरवर चढण्याआधी एकदा डोळे भरून पाहायचं म्हणून तिने हॉस्पिटलात चार जणांच्या मिनतवाऱ्या करून ड्यूटी बदलून घेतली होती. आल्याआल्या मास्तर क्रेनवाल्याशी बोलायला ऑफिसात बसला आणि तिलाही तिथेच बसवत होता, तिथे पंखा आहे म्हणून. ती पाणी प्यायचं निमित्त करून उठली आणि सरळ शेडमध्ये आली.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. या दोघांनी जन्मात साधी पायरीही बांधली नव्हती. कारखान्यात तयार झालेलं घर घेतलं की कटकट नाही, अशी मास्तरची समजूत होती. कटकट टळली नाही, फक्त लवकर आली. जमीन घेतली तेव्हा बजेट जेमतेम बसत होतं. मग माती भुसभुशीत निघाली आणि पाया खोल गेला. मग कोपऱ्यावर ट्रेलर वळणार नाही असं कळलं, म्हणून क्रेन आली. अंथरूण तेवढंच राहिलं आणि पाय मात्र दर महिन्याला लांब होत गेले.

तेव्हा मास्तरनेच नियम काढला. दोघांनी आपापल्या हौशीची यादी करायची, फ्रिजवर लावायची, आणि खर्च वाढला की दोन्ही याद्यांतून एकेक गोष्ट खोडायची. एक तुझं, एक माझं. कोणी कोणावर उपकार करायचे नाहीत. खोडल्यावर शेजारी तारीख घालायची. तारीख घातल्याशिवाय मास्तर वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा लिहीत नसे.

तिचा व्हरांडा गेला, त्याचं पुस्तकांचं कपाट गेलं. तिची कोठीची खोली गेली, त्याची गच्चीवर जायची शिडी गेली. शेवटी दोघांकडे एकेकच उरलं. त्याच्याकडे सुतारकामाची खोली, रुंद शटरची. आजवर त्याने एकच स्टूल केलं होतं आणि त्यावर बसणाऱ्याला एक पाय जमिनीवर रोवून ठेवावा लागे, पण निवृत्त झाल्यावर घरचं सगळं फर्निचर आपल्या हाताने करायचं त्याच्या मनात होतं. आणि तिच्याकडे ओट्यासमोरची खिडकी.

ती एक्स-रे काढायची. चोवीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत, शिशाच्या दाराआड. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला पेशंटच्या कपड्यांवरून कळे. जमीन पाहायला गेले त्या दिवशी तिने टेकडीकडे तोंड करून हातांनी हवेत चौकट काढली होती आणि म्हणाली होती, इथे. मास्तरने हसत त्या जागी दोन खुंट्या ठोकून दोरी बांधली होती.

मग एका रविवारी वीजजोडणीचा खर्च वाढल्याचं मास्तरने सांगितलं. तो बराच वेळ फ्रिजसमोर उभा राहिला. शेवटी त्याने पेन काढलं आणि सुतारकामाची खोली खोडली. शेजारी तारीख घातली, चौदा. त्याचा हात थरथरत होता. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला,

"तुझी खिडकी राहू दे. मी बघतो कुठून तरी."

तिला भडभडून आलं. तिनेच त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खिडकी खोडली. नियम म्हणजे नियम, म्हणाली. वर त्याचीच समजूत घातली, चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री तिला छान झोप लागली होती.

"ओट्यासमोरची भिंत कुठली?" तिने आता फोरमनला विचारलं.

"ही, दोन नंबरची." त्याने भिंतीवर थाप मारली. भिंत पांढरी, सपाट होती. मधोमध एक फिकट निळा चौकोन तेवढा दिसत होता. "इथे खिडकी आखली होती आम्ही. मग बदल आला. चौकट तयारही झाली होती, ती पडून आहे तिकडे."

ती तक्त्यावरून उतरली आणि तिने त्या चौकोनावरून बोट फिरवलं. वाईट वाटलं, पण ते आधीच वाटून झालेलं होतं. ती पुढच्या भिंतीकडे वळली, मग तिच्या पुढच्या. सातव्या भिंतीपाशी थांबली. त्या भिंतीला हे एवढं थोरलं भगदाड होतं, गाडी सहज आत जाईल असं.

"ही आमची नाही," ती म्हणाली.

"तुमचीच की. वर्कशॉप. शटर तेवढं सोमवारी बसेल."

ते आम्ही रद्द केलंय, असं तिने त्याला सांगितलं. गिऱ्हाइकं काय काय विसरतात हे फोरमनला ठाऊक होतं. त्याने वाद घातला नाही, फाइल उघडून तिच्यापुढे धरली. वर्कशॉप पहिल्या दिवशी होतं तसंच होतं. बदल सगळा एकच: खिडकी रद्द. खाली मास्तरची सही, सहीखाली त्याची ती दोन टिंबं, आणि शेजारी तारीख. नऊ.

तिने टोपी मागे सारली आणि पुन्हा वाचलं. नऊ तारीख, मंगळवार. चौदाला रविवार होता. मास्तर तारखेत कधी चुकत नसे.

म्हणजे तो फ्रिजसमोर उभा होता तेव्हा खिडकी जाऊन पाच दिवस झाले होते. मग हात थरथरला तो कसला? "तुझी खिडकी राहू दे" हे कोणासाठी होतं? आपण आपलं खोडून दाखवलं की ही बाई स्वतःहून तिचं खोडेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. बावीस वर्षांत त्याने तिला तेवढं पाठ केलं होतं. खिडकीचं काही नाही, सरळ मागितली असती तर तिने ती अशीही दिली असती. पण तिची माया त्याने आधीच जमेला धरली होती, आणि उत्तर बरोबर आलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला वर आपणच चहा करून दिला होता.

तिला बसावंसं वाटलं. बसायला तिच्याच घराची जमीन होती. तिच्या कडेला ती टेकली.

"एकाच्याच सहीवर बदल होतो?"

"ऑर्डर दोघांच्या नावावर आहे. दोघांपैकी कुणाचीही चालते."

"शटर अजून बसलेलं नाही म्हणालात."

"सोमवारी बसेल."

"मग कागद द्या एक."

कागदावर बदलाचं कारण लिहायला एक ओळ सोडलेली होती. तिने लिहिलं, 'वर्कशॉप मालकांनी स्वतःच चौदा तारखेला खोडले आहे.' खाली सही केली, आजची तारीख घातली. आपला हात जराही थरथरत नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात मास्तर कागदी कपांतून दोघांचा चहा घेऊन आला. लांबून हसत येत होता. ती कुठल्या भिंतीपाशी बसली आहे हे दिसल्यावर त्याची चाल मंदावली.

"सर, ताईंनी वर्कशॉप रद्द केलं," फोरमनने सहज सांगून टाकलं.

मास्तरने भगदाडाकडे पाहिलं, मग फाइलीकडे, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे. कॉपी करताना सापडलेल्या पोरांचे चेहरे त्याने जन्मभर पाहिले होते. स्वतःचा पाहायला इथे आरसा नव्हता.

"अगं, मी सांगणारच होतो तुला. एकदा घर जागेवर उभं राहिलं की..."

"काय सांगणार होतात? ते तर तुम्हीच खोडलंत ना, मास्तर? माझ्यासमोर. इथे कळवायचं राहिलं होतं, ते मी कळवलं."

बावीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. तोंड उघडायचं तर चौदा तारखेचं खरं काय ते सांगावं लागलं असतं. दोन्ही हातांतला चहा निवत चालला होता आणि कप ठेवायला जवळपास टेबल नव्हतं.

फोरमनने खाकरून घसा साफ केला. नवरा-बायकोच्या मध्ये पडायची त्याची इच्छा दिसत नव्हती, पण काम अडलं होतं.

"मग या खोलीला काय नाव लिहू? बिननावाची खोली ठेवता येत नाही आम्हाला."

"माझी खोली," ती म्हणाली. "आणि ती पडून असलेली खिडकी इथे बसवा. टेकडी इथूनही दिसते. पलंग मावेल ना? एकाचा."

फोरमनने टेप लावून बघितला. "आरामात मावेल."

ती उठली, तक्त्यापाशी काढून ठेवलेल्या चपला तिने पायात सरकवल्या. टोपी काढून फोरमनच्या हातात दिली.

"आणि दाराला कडी लावाल ती आतून लावा."