उत्तरेचा दोर

मला त्या सभेला बोलावलं होतं ते ऐकायला, बोलायला नव्हे. हे मला तिथे जाऊन बसल्यावर कळलं. पण एकदा बसले म्हटल्यावर गप्प कोण राहतो?

एकतीस साली शिमग्याच्या आत मिरकरवाड्यातला आमचा मांगर जळला. जाळी ठेवायचा मांगर, वर झावळं शाकारलेली, एक ठिणगी पुरली. आत आमची रापण होती, अकरा घरांची मिळून एक. रापण म्हणजे काही साधं जाळं नव्हे. होडीतून मोठा वळसा घालत ती समुद्रात सोडायची. तिचे दोन दोर किनाऱ्यावर, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडे माणसं उभी राहतात आणि ओढत ओढत मासळी वाळूवर आणतात. ती गेली आणि आमचे हातच गेले. पावसाळा कसाबसा काढला. दिवाळी झाली तेव्हा पुरुषांनी ठरवलं, कार्तिक संपेपर्यंत नवी रापण झाली नाही तर आगबोट धरायची आणि मुंबईला गिरणीत लागायचं. माझा रघू तर वळकटी बांधून तयार. दर्यावर वाढलेला माझा मुलगा कापसाच्या धुळीत खोकत बसणार, हे मला बघवणार नव्हतं.

तेवढ्यात शहरातल्या मोठ्या माणसांनी मदतीची कमिटी काढली. अध्यक्ष हरिश्चंद्र वकील. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा सगळा भरवसा कागदावर. शाळेच्या पडवीत सभा भरली आणि वकिलांनी बेत वाचला. नाटकाचा खेळ लावायचा. तिकिटं विकायची. आणि दोन अंकांच्या मध्ये मिरकरवाड्याच्या अकरा बायकांनी पडद्यापुढे रांगेत उभं राहायचं, पदर पसरून.

"पदर कशाला?" मी विचारलं.

"लोकांना दया यायला हवी ना, धोंडूबाई. दया आली की हात खिशात जातो."

अस्सं डोकं फिरलं माझं! म्हटलं, "वकीलसाहेब, हा पदर मी देवीपुढे पसरते. आणि देवीसुद्धा मला फुकट काही देत नाही, वर्षाला कोंबडा घेते. तुमच्या नाटकात उभं राहायला आम्ही काय सोंगं आहोत?"

पडवीत चुळबुळ झाली. एक मास्तर म्हणाले, "मग तुझं म्हणणं काय? पैसे नकोत?"

"पैसे हवेत. दया नको. खाडीपलीकडच्या काळबादेवी गावच्या बाबल्या तांडेलाची रापण मी एक दिवस मागून आणते. मांडवीच्या पुळणीवर टाकू. लोकांनी तिकीट काढावं, दोर ओढावा आणि आपला वाटा घेऊन घरी जावं. आमच्यात रीतच आहे, दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो. वाटेने जाणारा असला तरी मिळतो."

"पण आमच्यातले निम्मे लोक मासळी खात नाहीत!" वकील म्हणाले.

"मग शेजाऱ्याला द्या. शेजारी तरी चार दिवस गोड बोलेल."

लोक हसले आणि तिथेच काम झालं. हसलेल्या माणसाला नाही म्हणायला जड जातं.

मग सुरू झाली आखणी. वकिलांनी फुलस्केप कागद काढला आणि लिहिलं, रविवार, दुपारी चार. म्हटलं, "चारला सुकती असते त्या दिवशी, पाणी मागे जातं. होडी चिखलात रुतेल. सकाळी आठ लिहा." म्हणाले, "आठला मंडळींची पूजा असते." म्हटलं, "पूजा पुढेमागे होते, पाणी होत नाही." शेवटी आठ लिहिलं. खुर्च्या शाळेतून, पिण्याच्या पाण्याचे हंडे आमच्याकडून, वाटे घालायला टोपल्या आमच्याच, बँड मात्र मी नको म्हटला. रापण ओढताना हाळी ऐकू यायला हवी, त्यात पिपाण्या कशाला?

पुढे त्यांनी दोर वाटले. उत्तरेचा दोर आठ आण्यांच्या तिकीटवाल्यांचा, दक्षिणेचा दोन आण्यांचा, शिवाय आमच्या वाडीचे पुरुष तिकडेच. मी मान डोलावली. मला वाटलं, जास्त पैसे दिले की जरा सावलीच्या बाजूला उभे राहतील, दुसरं काय. तिथेच मी फसले.

तिकिटं मी बाजारात टोपलीपाशी ठेवून विकत होते. एके सकाळी सदू आला. सदू महारवाड्यातला, मांडवीच्या बंदरावर हमाल, दंड असे की आगबोटीतल्या पेट्या एकटा खांद्यावर मारायचा. मांगर पेटला तेव्हा दोन होड्या त्यानेच ओढून बाजूला काढल्या होत्या, तळहात पोळले होते त्याचे.

"धोंडूबाय, येक तिकीट. मोठं."

"आठ आणे पडतील, सदू. दोनवालं घे ना."

"मोठं म्हनालो मी."

त्याने अधेली दगडावर ठेवली, मी तिकीट दगडावर ठेवलं. तसंच असायचं. मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. त्याच्या हातात हात मी जन्मात दिला नव्हता, आणि का दिला नाही हे स्वतःला कधी विचारलंही नव्हतं.

दोन दिवसांत बातमी वकिलांच्या घरी पोचली. ते स्वतः मिरकरवाड्यात आले, नाकाला उपरणं लावून.

"धोंडूबाई, त्याचे आठ आणे परत कर. नाहीतर त्याला दक्षिणेच्या दोराला, अगदी शेवटी उभा कर. मला वैयक्तिक काही नाही. पण मंडळी म्हणतात, त्याने धरलेला दोर आम्ही धरणार नाही. तीस जण परत जातील."

माझा दीर गुणाजी शेजारी उभा होता. वकिलांची पाठ वळताच तो म्हणाला, "वैनी, शाणी हो. तुला रापण हवी का सदू?"

"दोन्ही."

"दोन्ही नाय मिळत."

"पोळलेले हात चालले तुला, गुणाजी भाऊजी! होडी ओढली तेव्हा कुणी जात विचारली नाही. तुझी होडी होती त्यात."

त्याला ते पटलं नव्हतं. आणि खरं सांगते, हिशेब मलाही कळत होता. तीस जण गेले तर सूत कुठून घ्यायचं, आणि रघूला कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं? तरी सदूकडे जाऊन तुझे पैसे घे म्हणायला माझी जीभ वळेना. नाही म्हणजे नाही वळली.

रविवार उजाडला. पुळणीवर माणूसच माणूस. खुर्च्यांवर आठ आणेवाले, छत्र्या उघडून बसलेले. पैशांचा पत्र्याचा डबा माझ्यापाशी. बाबल्या तांडेल रापण घेऊन आला होता आणि येतानाच त्याने बजावलं होतं, "धोंडूबाय, माझी रापण खडकाला लागून फाटली तर तुझी राहू दे, आधी माझी भरून देशील." रघू आणि तिघे होडी घेऊन आत गेले, वळसा घालत रापण सोडली, उत्तरेचा दोर किल्ल्याकडच्या बाजूला आणून टाकला.

तो उचलायला सगळ्यात आधी सदू गेला. तिकीट डोक्याच्या मुंडाशात खोचलेलं. त्याने दोर कमरेला टेकवला आणि मागे वळून बघितलं.

खुर्च्यांवरचं कुणी हललं नाही.

दक्षिणेच्या दोराला आमचे पुरुष आणि दोन आणेवाले, सत्तर-ऐंशी माणसं. "हैय्या" म्हणाले आणि ओढायला लागले. आता रापणीचं असं असतं, दोन्ही दोर सारखे यायला लागतात. एक पुढे आला आणि एक मागे राहिला की जाळं तिरकं होतं, मासळी मोकळ्या बाजूने निसटते आणि पाण्याची ओढ जाळ्याला घेऊन जाते. इथे एका बाजूला ऐंशी माणसं आणि दुसऱ्या बाजूला एकटा सदू. त्याच्या टाचा वाळूत रुतत होत्या आणि तो पावलापावलाने पाण्याकडे घसरत होता.

"थांबा रे, थांबा!" बाबल्या ओरडला. "उत्तर सुटली! किल्ल्याच्या खडकाकडे चालली माझी रापण!"

मी वकिलांकडे धावले. "साहेब, उठवा यांना! आता वाद नको, जाळं जातंय!"

वकील मंडळींकडे बघतायत, मंडळी वाळूकडे बघतायत. शाळेत शिकलेली तीस माणसं, आणि एकाचाही हात उठेना. मी गुणाजीला हाळी दिली, तर तो तिकडून ओरडला, "हा दोर सोडला तर दोन्ही जातील!" ते मात्र खरं होतं.

आमच्यात बाई दोर धरत नाही. बाईचा हात लागला की रापण आटते म्हणतात. बायकांनी टोपल्या घेऊन बसायचं, मासळी आली की उचलायची. इतकी वर्षं मी तेच केलं.

"मेली ती रीत!" म्हटलं आणि डबा वाळूत टाकून धावले. सदूच्या पुढ्यात जागा नव्हती, पाणीच होतं, म्हणून मागे धरला. दोर ओला, हात घसरला आणि त्याच्या मुठीवरच बसला. तो दचकला.

"बाय, हात..."

"हाताला काय झालंय? ओढ!"

मागे वळून मी बोंब मारली. "काशे! बकुळे! मैने! बसलायत काय नवरीसारख्या? या इकडे!" आणि आल्या गो माझ्या बाया! कासोटे खोचून, टोपल्या लाथाडून, अकराच्या अकरा घरांतल्या आल्या. काशी तर शिव्या घालत आली, कुणाला ते तिलाच ठाऊक. मासळी विकायला आलेल्या भाट्ये गावच्या बायकाही आल्या. चाळीस बायका आणि पुढे एक सदू. तो "हैय्या" म्हणायचा आणि आम्ही "हो" म्हणायचो. दोर थांबला, मग एक हात आला, मग दुसरा. जाळं सरळ झालं.

रापण वर आली तेव्हा बांगड्याने पुळण नुसती उसळत होती. आटली म्हणे! बाबल्या तांडेल गुडघ्यावर बसून जाळं चाचपत होता, विणीतलं एक घरसुद्धा फाटलं नव्हतं. मी वाळूत पसरले आणि ऊर फुटेस्तोवर हसले.

वाटे घालायला सुरुवात झाली तसे वकील पुढे आले. "धोंडूबाई, या मंडळींनी दोर ओढलेला नाही, त्यांना वाटाही मिळणार नाही. तेव्हा त्यांचे आठ आणे परत मिळावेत असं त्यांचं म्हणणं आहे."

माझ्या तोंडाशी असं काही आलं होतं की बाजारातल्या बायकांनीही कान झाकले असते. पण माझ्याआधी सदू बोलला. मी टाकलेला डबा त्याने उचलून आणला होता आणि मांडीवर घेऊन तो वाळूत बसला होता.

"ज्येंना परत पायजेत त्येंनी हितं यावं," तो शांतपणे म्हणाला. "मी देतो. ज्येचे त्येच्या हातात."

एक गृहस्थ तरातरा चार पावलं आले. मग थबकले. "तिथूनच टाक," म्हणाले.

"टाकायचं नाय जमायचं, साहेब. पैसा हाय. हातात देयाचा असतो."

सदूने अधेली धरलेला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मला दगडावरचं ते तिकीट आठवलं आणि माझी मान खाली गेली. गृहस्थाने त्या हाताकडे बघितलं, वकिलांकडे बघितलं, छत्री मिटली आणि निघून गेले. मागोमाग बाकीचेही खुर्च्या सोडून उठले. डब्यातला एक पैसा कमी झाला नाही.

आता आमची वाडी हसायला लागली, शिट्ट्या काय, टाळ्या काय! गुणाजी धोतर पिळत माझ्याकडे आला. तोंडभर हसू.

"वैनी, जिंकलंस गो! उद्याच सुताची मागणी घालतो. रापणीत पाती करू, मालकीचे वाटे, घराला एक, अकरा पाती."

"बारा," मी म्हटलं.

"बारावी कुणाची?"

"उत्तरेचा दोर ज्याने धरून ठेवला त्याची."

गुणाजीचं हसू गेलं. "ओढला, वाटा मिळेल त्याला. पण रापणीत पात? आमच्या मांगरात तो रोज येणार? वाडी ऐकायची नाय, वैनी."

"बरं. मग वाडीने अकरा पाती कराव्यात." मी सदूकडे बोट दाखवलं. "पैसे त्याच्यापाशी आहेत. जा, मागून घे."

मघाशी हसणारे सगळे आता डब्याकडे बघत होते. रघू होडीपाशी उभा होता, तोही बघत होता. सदूने डब्याचं झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी पुढे धरला.

गुणाजीने ओले हात धोतराला पुसले, वाळूत बसला, अगदी समोर, आणि हात पुढे केले. डबा घेताना त्याची बोटं सदूच्या पोळलेल्या तळव्यावर टेकली आणि त्याने ती पटकन काढली नाहीत.

"पहाटे पाचला निघतो आम्ही," गुणाजी घसा खाकरून म्हणाला. "उशीर झालेला मला खपत नाय."

"मी चारला उठतो," सदू म्हणाला.