एकतीस नंबरचं लिव्हर

माझा हात स्थिर आहे. बाकी मी उतावळा, तोंडाळ आणि नाकावर राग असलेला माणूस आहे, असं माझी बायको म्हणते आणि तिच्या बहिणीला तर ते तोंडपाठ आहे. पण हाताबद्दल दोघींनाही काही बोलता येत नाही. माणसाच्या लिव्हरच्या पाव मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडणं, हा माझा धंदा आहे.

घाबरू नका, सगळं रीतसर असतं. लिव्हरमधली गाठ काढताना सर्जन तिच्या कडेचा थोडा चांगला भागही काढतात. पेशंटने सही दिली तर तो भाग कचऱ्यात न जाता बर्फाच्या डब्यातून आमच्या लॅबमध्ये येतो. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. मी त्यातून पेन्सिलीच्या जाडीच्या कांड्या काढतो आणि थंडगार द्रावणात बुडलेल्या पात्याखाली त्यांच्या चकत्या पाडतो. जाड पडली तर आतल्या पेशी गुदमरतात, पातळ पडली तर फाटते. नीट पडलेली चकती मात्र अंगाएवढ्या उबेत, भरपूर ऑक्सिजनमध्ये दोन दिवस जिवंत राहते आणि कुणाच्याही पोटात नसताना आपलं काम इमानेइतबारे करत बसते. मग तिच्यावर औषध घालायचं. लिव्हर औषधाचं काय करतं आणि औषध लिव्हरचं काय करतं, ते बघायचं. नवीन औषध माणसाला द्यायच्या आधी आमच्या चकत्यांना सोसावं लागतं.

तर त्या मंगळवारी माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं. आणि गाठ कुठे, तर लिव्हरमध्ये. जन्मभर दुसऱ्यांची लिव्हरं कापणाऱ्याच्या घरात हे यावं, म्हणजे कमालच झाली. तीन आठवडे आमच्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. दुपारी बाराला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले की गाठ अगदी साधी आहे, काढून टाकली, आता विसरा. मी सर्जनना मिठी मारली. मग मेहुणीकडे वळलो, तर तिने मध्ये पर्स धरली.

बायकोला संध्याकाळपर्यंत भेटता येणार नव्हतं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो आणि समोर येईल त्याला गाठ साधी असल्याचं सांगत होतो. एका माणसाला दोनदा सांगितलं. शेवटी मेहुणीने हात जोडले आणि म्हणाली, भाऊजी, तासभर कुठेतरी जा हो. तेवढ्यात लॅबमधून फोन आला, की साडेबाराला एक तुकडा आलाय आणि दुसऱ्या कापणाऱ्याचा खांदा धरलाय. लॅब दोन चौक पलीकडे. मी पळतच गेलो.

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, तुला तिथेच संशय यायला हवा होता. यायला हवा होता, कबूल. पण आमच्याकडे पाच हॉस्पिटलांतून डबे येतात, सगळे सारखेच पांढरे, आणि माझे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते. शिवाय बायको कायम माझ्या कामाची टर उडवायची. ती असल्या कागदावर सही करेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

तुकड्याचा नंबर होता एकतीस. काय सांगू! इतक्या वर्षांत असं लिव्हर मी पाहिलं नव्हतं. ताजं, गुळगुळीत, पात्याखाली कुरकुर नाही. चकत्या अशा पडत होत्या, की एक फाटली नाही, एक दुमडली नाही. मी चक्क मोठ्याने गायला लागलो. आमच्या मॅडमनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

नवीन औषध एकतीस नंबरने मजेत सोसलं. घोड्याने पेंड खाल्ली ती दुसरीकडेच. चकत्या नीट काम करतात की नाही हे पाहायला आम्ही दर वेळी काही चकत्यांवर एक जुनी, ओळखीची दुखण्यावरची गोळी घालतो. ही गोळी स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हर तिला बदलतं आणि तेव्हा कुठे तिच्यातून दुखणं मारणारं औषध तयार होतं. ते किती तयार झालं हे मोजायचं काम आमच्या मशीनवाल्याचं. बुधवारी तो कागद घेऊन आला आणि म्हणाला, जवळपास काहीच तयार झालेलं नाही, तुझ्या चकत्या मेलेल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. माझ्या चकत्या? मेलेल्या? मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोघांनी मिळून सगळं पुन्हा तपासलं. चकत्या ठणठणीत जिवंत होत्या, बाकीची सगळी कामं झोकात करत होत्या. फक्त ही एक गोळी त्यांना बदलता येत नव्हती. असे लोक असतात, शंभरात पाचसात, जन्मतःच. पुस्तकात वाचलं होतं, पण आमच्या टेबलावर पहिल्यांदाच आलं. मशीनवाल्याने माफी मागितली आणि वर मला चहाही पाजला, म्हणजे दुधात साखर.

गुरुवारी सकाळी बायकोच्या पाठीतली वेदना थांबवणारी नळी काढली आणि गोळ्या सुरू झाल्या. मी कामावर जाताना डोकावलो, तर ती घामेजलेली, ओठ दाबून पडलेली. गोळीने काहीच होत नाहीये, म्हणाली. सिस्टर काळजीने माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसलो आणि सिस्टरना सांगितलं, की हिला सवयच आहे, मनावर घेऊ नका. दाढ काढली तेव्हा हेच, पाय मुरगळला तेव्हा हेच. गोळी घेऊन दोन-दोन रात्री कण्हायची. तापाची साधी गोळी मात्र हिला बरोबर लागू पडायची, म्हणून मी म्हणायचो, तुझं दुखणं निम्मं मनात आहे.  बायकोने तोंड भिंतीकडे केलं आणि मी शीळ घालत कामावर गेलो.

चारला भेटीची वेळ सुरू झाली. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिचं मन रमावं म्हणून एकतीस नंबरची गोष्ट सुरू केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काय लिव्हर, काय रंग, काय चकत्या! मेहुणी म्हणाली, ताई, तुझी काय खैर नाही, भाऊजी त्या लिव्हरच्या प्रेमात पडलेत. बायको डोळे मिटून, पलंगाची कड घट्ट धरून ऐकत होती. मी आणखी चढलो. मशीनवाल्याचं नाक कसं कापलं ते सांगितलं, गोळीचं नावासकट सांगितलं.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "त्या बिचाऱ्याने ही गोळी मूठभर खाल्ली तरी ढिम्म फरक पडणार नाही. आणि घरचे म्हणत असतील, नाटकं करतो."

बायकोने डोळे उघडले.

"आज मला देतायत तीच ही गोळी. तुकडा किती वाजता आला होता?"

"साडेबाराला," मी म्हणालो. "मंगळवारी," हे सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला.

"मी सही केली होती," ती म्हणाली. "म्हटलं, फेकूनच देणार आहेत, तर जाऊ दे तुमच्या लॅबमध्ये. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझा हात हलला असता."

  मेहुणीने पर्स छातीशी धरली आणि आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग मी असा उठलो, की खुर्ची उलटली, आणि व्हरांड्यातून सिस्टरच्या टेबलाकडे धावलो. माझी बायको खरं सांगतेय, गोळी बदला, आत्ता बदला, असं मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्याने म्हणालो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, की मी सकाळीच डॉक्टरांना सांगणार होते, पण तुम्हीच म्हणालात ना, हिला सवय आहे. त्या अगदी साधेपणाने बोलल्या, आणि मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. सकाळी आठपासून चारपर्यंत, आठ तास ती माझ्या एका वाक्यापायी कळा सोसत होती.

डॉक्टर आले. चकत्यांचं मी बोलायला लागलो, तर त्यांनी मला गप्प केलं आणि सरळ बायकोला विचारलं, की गोळीने खरंच काही होत नाही का. ती नाही म्हणाली. त्यांनी तेवढ्यावर औषध बदललं, लिव्हरच्या मदतीशिवाय काम करणारं दिलं. रक्ताची एक तपासणीही लिहून दिली, म्हणजे हे रीतसर फाईलमध्ये जाईल आणि पुन्हा कुणी हिला ती गोळी देणार नाही. मी खाली जाऊन मॅडमना फोन केला आणि सगळं कबूल केलं. आपल्याच माणसाचा तुकडा चालत नाही, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एकतीस नंबरचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मग म्हणाल्या, तरीच एवढा गात होतास.

वर आलो तर वीस मिनिटं झाली होती. बायकोच्या कपाळावरची आठी गेली होती. पलंगाची कड तिने सोडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. हसताना टाके ओढले जात होते, म्हणून पोटावर उशी दाबून हसत होती. तिचं बघून मेहुणी, मेहुणीचं बघून शेजारच्या पलंगावरच्या आजी, ज्यांना काय झालंय ते ठाऊकही नव्हतं. मीही हसलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "बावीस वर्षं मी अख्खी समोर उभी राहून सांगत होते, ते तुला पटलं नाही. माझ्या चकतीने एका दिवसात सांगितलं, ते लगेच पटलं."

 मी उलटलेली खुर्ची सरळ केली आणि बसलो. चुकलो, म्हणालो. मग विचारलं, "आता दुखतंय का?"

"थोडं."

"कुठे?"

खरंच विचारतोय की काय, हे तिने आधी नीट बघून घेतलं. मग सांगायला लागली. टाक्यांपासून सुरुवात केली आणि मागे मागे जात राहिली, मध्येच हसत, मध्येच माझा हात धरत. भेटीची वेळ संपली, मेहुणी गेली, सिस्टर दोनदा दारात येऊन परत गेल्या. तिने सांगितलेली निम्मी दुखणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण मधल्या कुठल्यातरी वर्षी तिने मला सांगणंच सोडून दिलं होतं.