कबुतरांसाठी वीतभर वाट

"माह्या जाळीतून कबुतर तर सोडाच, कबुतराची शिंकसुद्धा आत येनार नाही," असं रुपराव गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचा. आणि त्यात काही खोटं नव्हतं. तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरचा माणूस तो. बापाचा माग चालू होता तोवर ताण्यातले तुटलेले धागे सांधायचं काम याच्याकडे असे. ती गाठ अशी मारायची, की फणीतून अलगद सरकली पाहिजे आणि जन्मात सुटली नाही पाहिजे. पुढं माग बंद पडला, त्याचं लाकूड चुलीत गेलं, पण गाठ काही बोटांतून गेली नाही. आता तो नागपूरभर फ्लॅटच्या गॅलऱ्यांना नायलॉनची जाळी लावत फिरतो. दुसरे लोक प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून मोकळे होतात आणि दोन उन्हाळ्यांत त्या पट्ट्या तडकतात. रुपराव सगळं हातानं बांधतो.

चैत्रातली गोष्ट. मनीषनगरच्या एका बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर, वैभव नावाच्या इंजिनिअरनं त्याला बोलावलं. घरात माणसं तीन. वैभव, त्याची बायको हर्षा आणि आई वच्छलाबाई. नवराबायको सकाळी आठला निघत, ते संध्याकाळी सातला घरी येत. तेवढा वेळ घर वच्छलाबाईंचं, आणि त्यातही खरं राज्य स्वयंपाकघरात. त्याच्याच मागच्या गॅलरीत, कूलरच्या स्टँडखाली, कबुतरांनी घाण करून ठेवली होती. आईचा खोकला त्या घाणीनंच हटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

रुपराव माप घेत होता तेव्हा वैभव आईसमोरच बोलला. पोरगा वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता.

"काका, कबुतरं एक टेन्शन अन् आई दुसरं. मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून झोपली. मी सांगून ठेवलं तिले. आता आणखी काही विसरली, की शेगडीची बटनं काढून ठेवतो अन् स्वयंपाकाले बाई लावतो."

"विसरली नाही, डोळा लागला," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. वैभवनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

तो आत गेला तशी म्हातारी गॅलरीत आली. रुपराव एका हुकाला दोरी बांधत होता. त्याच्या बोटांकडं तिनं टक लावून पाहिलं आणि एकदम हसली.

"कोष्ट्याचा आहेस काय गा तू?"

"हाव. तुमाले कसं समजलं?"

"तुह्या गाठीवरून! माह्या घरीही तीन माग होते. आमचे बाबनराव मागावर बसत अन् तुटला धागा की मले हाक. पाचशे धागे मोजत बसे मी. तुह्यासारखी गाठ मी झोपेत मारली असती."

झालं. दोघांची गट्टी जमायला तेवढं पुरे होतं. मग तिनं पदरानं तोंड पुसत खरी गोष्ट काढली. कूलरच्या स्टँडखाली, भिंतीच्या कोपऱ्यात दोन पिल्लं होती. पंखांना अजून नुसत्या काड्या फुटलेल्या. जाळी लागली की मायबाप बाहेर आणि पिल्लं आत. "दहा दिवस, बाबू. दहा दिवसांत उडतील. तेवढी वीतभर वाट ठेव."

वैभवला विचारलं तर तो आधी नाहीच म्हणाला. मग आईच्या तोंडाकडं पाहून विरघळला. ठरलं असं, की खालच्या कोपऱ्यात जाळीची वीतभर झडप ठेवायची आणि ती सुरगाठीनं बांधायची. टोक ओढलं की सुटली. आईनं सकाळी उघडायची, संध्याकाळी बांधायची.

"पण थे तुह्याकडं, आई," वैभव म्हणाला. "मी विचारनार नाही, पाहनार नाही. जमलं तर मीही मानतो की तुह्यं डोकं ठिकाणावर आहे."

"न जमायले काय झालं? सुरगाठ तर आहे," म्हातारी म्हणाली. रुपरावला ते आठवतं. अगदी हसत म्हणाली होती.

आता माणसाचं कसं असतं पाहा. सगळं काम मनासारखं झालं, शेवटची ती झडप तेवढी बांधायची राहिली, आणि दारातून दत्तोपंत आत आले. सोसायटीचे सेक्रेटरी. चारही विंगांच्या गॅलऱ्यांचं काम कोणाला द्यायचं ते त्यांच्या हातात. आले ते एकेक गाठ ओढून पाहू लागले. रुपराव झडपेपाशी बसलेला. त्यांची बोटं जवळ येत होती आणि याच्या हातात सुटी दोरी. सुरगाठ मारावी तर हा म्हातारा ओढणार, गाठ भसकन सुटणार आणि म्हणणार, हेच का तुमचं पक्कं काम? समजावून सांगायला दोन वाक्यं लागली असती. दोनच! पण हात तोंडापेक्षा चपळ निघाले. बोटांनी निरगाठ मारली, पक्की, बापानं शिकवलेली. दत्तोपंतांनी ओढली, पुन्हा ओढली आणि मान डोलावली. "वा! चला खाली, बाकीच्या विंगा दाखवतो."

रुपराव मनात म्हणाला, जाऊन येतो अन् सोडतो. खाली चारही विंगा पाहून होता होता हिंगण्याच्या कारखान्यातून फोन आला, शेडवर कबुतरं बसू नयेत म्हणून काटे बसवायचे होते, आजच या. तो तसाच गाडीला किक मारून गेला. अर्ध्या वाटेत गाठ आठवली. गाडी बाजूला घेऊन त्यानं फोनही काढला. पण सांगायचं काय? सुरगाठ कबूल करून मी निरगाठ मारली? सेक्रेटरीच्या कानावर गेलं तर? मग त्यानं स्वतःचीच समजूत घातली, की म्हातारी कोष्ट्याची आहे, ती गाठ सोडवीलच. उद्या सकाळी जाऊन पाहू. फोन खिशात गेला.

उद्या काही झालं नाही. हिंगण्याला तीन दिवस गेले. पत्र्यावर ऊन असं, की पान्हा हातात धरवेना. संध्याकाळी घरी येऊन तो आडवा व्हायचा आणि मनीषनगर राहून जायचं. विसरला म्हणावं तर तो विसरलाही नव्हता. रोज आठवण व्हायची आणि रोज तो ती बाजूला सारायचा.

पाचव्या दिवशी वैभवचा फोन आला. "काका, गॅलरीत वास सुटला. येता का?"

तो गेला. स्टँडखाली दोन्ही पिल्लं चिकटून पडली होती, माना एकमेकांवर. त्या कोपऱ्यात दुपारभर ऊन यायचं. बाहेर, समोरच्या विंगेच्या कठड्यावर, एक कबूतर बसून होतं. रुपरावनं तिकडं पाहायचं टाळलं. पण वच्छलाबाईंकडं पाहणं टाळता आलं नाही. त्या दारातच पाटावर बसल्या होत्या. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं सोललेली, एका नखाखाली रक्त साकळलेलं.

"तीन दिवस सोडत होती मी," त्या म्हणाल्या. "सकाळी ही दोघं गेली की बसो. दातानंही धरून पाहिली. सुटली नाही."

"मग मले सांगायचं ना, आई!" वैभव म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, रडवेला होता. "हर्षाले सांगायचं! परवा मी आलो तं भाजीचा चाकू घेऊन वाकली होती जाळीशी. चौथा मजला आहे हा! मी विचारलं, काय करून राहिली, तं चूप."

"सांगितलं असतं तं तू म्हटलं असतं, एवढंही जमत नाही," वच्छलाबाई म्हणाल्या.

वैभव रुपरावकडं वळला. प्रश्न अगदी साधा होता.

"काका, तुमी सुरगाठच मारली होती ना?"

दारात दत्तोपंत नाकाला रुमाल लावून उभे होते. वासाची तक्रार त्यांच्यापर्यंतही गेली होती. वच्छलाबाईंनी मान वर केली. रुपरावनं त्या क्षणी खरं बोलायचं तर जीभ हलवायची, बस्स. पिल्लं तर गेलीच होती. वाचायची होती ती म्हातारी.

"हाव," तो म्हणाला. "सुरगाठच होती."

आणि कोणी वाकून पाहायच्या आत त्यानं कटरनं ती गाठ कापली, पिल्लांसोबत कागदात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. झडप उघडीच लोंबत राहिली.

वच्छलाबाईंनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "मले थे निरगाठच वाटे," त्या म्हणाल्या. "बोटानं चाचपली की निरगाठच लागे. डोकंच फिरलं म्हनायचं माह्यं."

त्याच संध्याकाळी शेगडीची बटनं निघाली.

चारही विंगांचं काम रुपरावला मिळालं. घरी पंचफुलानं, त्याच्या बायकोनं, पेढे आणले, तर यानं हात लावला नाही. रोज त्याच बिल्डिंगीत जाणं आलं. समोरच्या विंगेत दोरी बांधता बांधता त्याला वच्छलाबाईंची खिडकी दिसे. स्वयंपाकघरात एक नवी बाई वावरताना दिसे, म्हातारी कधीच नाही. हातातल्या कामात तो चुकू लागला. एक गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. शेवटी एका रात्री ताटावर बसून त्यानं पंचफुलाला सगळं सांगून टाकलं.

पंचफुला ऐकत राहिली. मग म्हणाली, "अन् तुमी जेवून राहिले?"

"काय करू वं मंग?"

"मले काय विचारता? जिचं घेतलं तिले जाऊन द्या."

रविवारी सकाळी तो गेला. वैभवनं दार उघडलं. बैठकीत टीव्ही चालू होता आणि वच्छलाबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या, पण पाहत होत्या भिंतीकडं. रुपरावनं चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण बसला असता तर पुन्हा धीर झाला नसता.

"मावशी, थे निरगाठ होती. मीच मारली. दत्तोपंत आले म्हनून मारली अन् सोडायची राहिली. नंतर ध्यानात येऊनही फोन नाही केला. अन् त्या दिवशी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमची बोटं बरोबर सांगत होती. पाप माह्यं आहे."

वैभवनं आईकडं पाहिलं, मग रुपरावचा दंड धरून त्याला बाजूला नेलं.

"काका, तुमचं मन लय मोठं आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पन असं नका करू. आत्ता कुठं तिनं स्वतःच मानलं की आपल्याले जमत नाही. हट्ट सोडला. तिच्यासाठी तुमी आपल्या अंगावर घेऊन राहिले, थे समजते मले."

"अंगावर नाही घेत गा बाबू! खरं सांगून राहिलो. आईची आन!"

"बरं, मंग थे गाठ कुठं आहे?"

गाठ कुठं असणार! नाल्याकाठी कागदासकट फेकून दिली होती.

"अन् खरंच तसं असतं," वैभव म्हणाला, "तं तुमी तेव्हाच नसतं सांगितलं? तुमच्यासारख्या मानसानं?"

या प्रश्नाचं उत्तर रुपरावपाशी होतं, पण ते कोणी ऐकायला तयार नव्हतं. वर्षानुवर्षं त्यानं कमावलेलं चांगलं नाव त्याचं खरं खोटं पाडत होतं.

तो वच्छलाबाईंच्या पायाशी जाऊन बसला. पिशवीतून दोरीचे दोन तुकडे काढले, एकाला सुरगाठ मारली, एकाला निरगाठ, आणि दोन्ही त्यांच्यापुढं धरले. "मावशी, डोळे मिटून हात लावा. कोनती कोनती आहे थे सांगा. तुमाले समजते. पाहा तं एकदा."

वच्छलाबाईंनी दोरीकडं पाहिलं. हात गुडघ्यावरून थोडा उचलला गेला. मग त्यांनी वैभवकडं नजर टाकली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ठेव गा थे," त्या म्हणाल्या. "गुनाचा आहेस तू. माह्यासाठी एवढं खोटं कोन बोलते?"

"मावशी, खोटं नाही वं माय..."

"राहू दे. कबुतराची थे वाट बंद करून दे जाताना. उघडीच आहे कधीची."

रुपराव तसाच बसून राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नव्या बाईनं आवाज दिला.

"आजी, चहा ठेवून राहिली. तुमाले साखर किती टाकू?"

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"वैभवले विचार वं," त्या म्हणाल्या.