एकशे सोळा वर्षांची पोथी

माझी बायको शरदिनी इथल्या मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. मी रेल्वेत, पार्सल ऑफिसात होतो. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की सकाळी तिच्या हातात डबा देताना विचारायचो, आज कोणाला मारणार? ती म्हणायची, आज एक राजा आणि साधारण चार हजार सैनिक. मग डबा घेऊन गल्ली उतरायची.

काशीतल्या आमच्या ब्रह्माघाटाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्याख्यान असतं. अकरा वर्षांपूर्वी नागपूरचे व्याख्याते गाडी चुकल्यामुळे आलेच नाहीत. रेल्वेचा माणूस म्हणून दोष माझ्यावर आला, आणि भरपाई म्हणून लोकांनी शरदिनीला उभं केलं. तिच्या पिशवीत दुसऱ्या दिवशीचा धडा होता, इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांचं शतवर्षीय युद्ध. तिने तेच सांगायला सुरुवात केली. तासाभरात ती फक्त भांडणाच्या कारणापर्यंत पोचली.

कारण असं. फ्रान्सच्या एका राजाला तीन मुलगे आणि एक मुलगी. तिघेही मुलगे एकामागून एक राजे झाले आणि मागे मुलगा न ठेवता मेले. मुलगी इंग्लंडला दिलेली. तिचा मुलगा एडवर्ड तिथला राजा. तो म्हणाला, आजोबांची गादी माझी. फ्रान्सचे सरदार म्हणाले, बाईकडून हक्क येत नाही, आणि त्यांनी मेलेल्या राजाच्या चुलतभावाला बसवलं.

दुसऱ्या कोणत्याही गावात लोक हे ऐकून घरी गेले असते. पण आमच्या घाटावर घरटी एक तरी माणूस धर्मशास्त्र शिकलेला. ढुंढिराज, म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त आणि आता वेदपाठशाळेचा गुरुजी, तिथेच उभा राहिला. म्हणाला, गादी आजोबांकडे नव्हतीच, ती शेवटी धाकट्या मामाकडे होती. मामाच्या मागे सगोत्र चुलतभाऊ जिवंत असताना भाच्याचा हक्क कसा लागेल? सरदारांचा निर्णय बरोबर आहे.

प्रभावतीकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना दोन मुली, मुलगा नाही. काकांचं श्राद्ध मुलीचा मुलगा करतो. त्या म्हणाल्या, "मुलीच्या मुलाच्या हातचा पिंड चालतो आणि गादीला तेवढा तो चालत नाही होय रे ढुंढ्या?"

त्या दिवशी गणपतीची आरती पाऊण तास उशिरा झाली. सभागृहाची डावी बाजू फ्रान्सची झाली आणि उजवी इंग्लंडची. तीन दिवस गल्लीत हाच विषय. भाजीवालासुद्धा विचारायला लागला की पंडितजी, ये एडवर्ड बाबू का मुकदमा कहाँ तक पहुँचा. शेवटी उत्सव समितीने ठरवलं की पुढच्या वर्षी बाईंनी पुढचं सांगावं.

अशी अकरा वर्षं गेली. शरदिनी दर वर्षी एकच तुकडा सांगायची. कधी पावसात धनुष्यांच्या दोऱ्या भिजल्या म्हणून फ्रान्स हरलं आणि काकूंनी पेढे वाटले. कधी फ्रान्सचा राजा कैदेतून सुटून आला, पण ओलीस ठेवलेला मुलगा पळाला म्हणून लाजेने स्वतःच्या पायांनी लंडनच्या कैदेत परत गेला. ढुंढिराज म्हणाला, हा तर आपल्या हरिश्चंद्राच्या पंक्तीतला. शेतकऱ्याची पोर जोन घोड्यावर बसली त्या वर्षी खालच्या पायरीपर्यंत माणसं बसली होती, आणि तिला जाळलं तेव्हा काकूंनीही इंग्लंडचा पक्ष एका संध्याकाळपुरता सोडला. दुसऱ्या दिवशी परत धरला.

बाराव्या वर्षी युद्ध संपणार होतं. शरदिनी माघात गेली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, दुपारी गेली. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

श्रावणाच्या शेवटी नीरजा घरी आली. ती बँकेत आहे आणि यंदा समितीची सचिव. चांगली मुलगी आहे. आधी तिने मी जेवतो का, औषधं घेतो का वगैरे विचारलं. मग अडखळत म्हणाली की काका, तिसऱ्या दिवशीचा स्लॉट खाली आहे, तिथे मोबाईलवरची क्विझ ठेवू का, बच्चे लोग बोर होतात. मी म्हटलं ठेव. खरं तर मला बरंच वाटलं.

संध्याकाळी ढुंढिराज आला तो चपला न काढताच बोलायला लागला. गणपतीपुढे लावलेली पोथी अर्धी सोडता येत नाही. मी म्हटलं, ती पोथी नव्हती, कॉलेजचा धडा होता. तो म्हणाला, देवापुढे आसनावर बसून सांगितलं, अकरा वर्षं लोकांनी श्रवण केलं, शेवटी आरती झाली, आणखी पोथी म्हणजे काय असते? अर्धी राहिली तर सांगणाऱ्याचा जीव त्यात घुटमळतो.

"काशीत मेलेला मोक्षाला जातो असं तूच यात्रेकरूंना सांगतोस," मी म्हटलं. "मग ती घुटमळेल कशी?"

तेव्हा कुठे त्याने चपला काढल्या. मग म्हणाला की बरं, तिचं सोड, ऐकणाऱ्यांना दोष लागतो त्याचं काय? आणि घरात दुसरं कोणी नसेल तर पोथी नवऱ्याने पुरी करायची. वर्ष व्हायचं होतं, घरात गणपती बसवायचा नव्हता, पण सार्वजनिकात बोलायला हरकत नाही हेही त्याने स्वतःच ठरवून टाकलं. नीरजाला फोन केला आणि क्विझ चौथ्या दिवसावर गेली.

मी हो म्हणालो. पण मनात वेगळंच होतं. घुटमळतो, हा शब्द त्याने मला घाबरवायला वापरला होता. मला तो आवडला. ती जर त्या युद्धात कुठेतरी अडकून राहिली असेल तर राहू दे की. तिचे कपडे मुलीने नेले होते, पुस्तकं कॉलेजने मागितली होती. तिचं म्हणावं असं एक अर्धवट काम राहिलं होतं, ते मीच माझ्या हाताने का संपवू? मी ठरवलं की बोलायचं, पण शेवट सांगायचा नाही. शेवट जवळ आला की थांबायचं. कोणाला काय कळतंय?

तिच्या टिपणांच्या वहीत बाराव्या वर्षासाठी दोनच पानं होती. बाकी मी तिच्या पुस्तकांतून काढलं. इंग्रजी जड होतं, डिक्शनरी घेऊन बसायचो. पहिला धक्का हा की युद्ध शंभर वर्षांचं नाहीच, एकशे सोळा वर्षांचं आहे. सोळा वर्षं लेट. पार्सल ऑफिसात आम्ही एवढा उशीर कधी केला नाही.

दुसरं हे की टॅल्बट नावाचा इंग्रज सेनापती मला फार आवडला. म्हातारा, जवळजवळ सत्तरीचा, माझ्याच वयाचा. फ्रेंचांनी त्याला पकडून सोडलं होतं, ते शपथेवर, की पुन्हा आमच्याविरुद्ध चिलखत घालायचं नाही. त्याने काय केलं, तर तो पुन्हा लढायला आला, पण चिलखत न घालता. शपथ मोडली नाही आणि नोकरीही सोडली नाही. असा एक साहेब आमच्याकडे मुगलसरायला होता.

तिसऱ्या दिवशी गंगा पंचगंगा घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढली होती, तरी सभागृह भरलं. डावीकडे फ्रान्स, उजवीकडे इंग्लंड. ढुंढिराज समाप्तीचा नारळ, शाल आणि पंचखाद्याचं ताट घेऊनच आला होता. प्रभावतीकाकूंना दोघांनी खुर्चीसकट वर आणलं. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून उजवा कान माझ्याकडे करून बसल्या. त्यामुळे तोंड फ्रान्सकडे झालं आणि त्या अख्खा वेळ ढुंढिराजकडे रागाने बघतायत असं वाटत होतं. बहुतेक बघतही होत्या.

मला बोलायची सवय नाही. पहिली दहा मिनिटं मी काय बोललो ते आठवत नाही. आमच्या गल्लीतला रत्नाकर झोपला एवढं दिसलं. मग टॅल्बट आला आणि मला सूर सापडला. सांगितलं की फ्रेंचांनी कॅस्टिलॉन नावाच्या गावाला वेढा घातलाय, खंदक खणून मागे तीनशे तोफा लावल्यात. टॅल्बट सकाळच्या प्रार्थनेला बसलाय. एक माणूस धावत येतो, म्हणतो, साहेब, फ्रेंच पळाले, त्यांच्या तळावर धूळ उडतेय. प्रत्यक्षात धूळ उडत होती ती नोकरचाकरांना आणि घोड्यांना तळाबाहेर घालवत होते त्याची. सैन्य जागच्या जागी होतं. टॅल्बट प्रार्थना सोडून उठतो. चिलखत नाही. लाल झगा घालतो आणि घोड्यावर बसतो.

इथे मी थांबलो. म्हटलं, वेळ झाली, यंदा इतकंच.

नीरजाने घड्याळ बघितलं. वीस मिनिटं बाकी होती, हे तिलाही कळलं आणि मलाही. ढुंढिराज नारळ मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत राहिला. त्याला बहुतेक सगळं समजलं, कारण त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच बोलता बोलता राहिला असेल.

बोलल्या त्या काकू. "बाळ," म्हणाल्या, "शरदिनी गेल्या वर्षी मला म्हणाली, काकू, शेवट आत्ता विचारू नका, पुढच्या वर्षी सांगते. मी थांबले. आता तूही पुढच्या वर्षावर ढकलतोस. अरे, मी असेन का पुढच्या वर्षी? कोण जिंकलं ते सांगून टाक."

आवाज तक्रारीचा नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं. अकरा वर्षं त्यांनी इंग्लंडची बाजू एकटीच्या जोरावर धरली होती, आणि मी त्यांना घोडा अर्ध्यात उभा करून घरी पाठवत होतो. मला लाज वाटली. मी तांब्यातलं पाणी प्यालो आणि परत बसलो.

टॅल्बट तोफांच्या तोंडावर गेला. घोड्याला गोळा लागला, घोडा अंगावर पडला, आणि म्हातारा तिथेच मारला गेला. मग बोर्दो शहर पडलं. तीनशे वर्षं ते इंग्लंडच्या राजाकडे होतं. त्याच सुमारास इंग्लंडचा राजा एकाएकी बोलेनासा झाला. बायकोला मुलगा झाला, तो आणून दाखवला, तर एकदा बघितलं आणि मान खाली घातली. दीड वर्ष एक शब्द नाही. हे सांगताना मी फार वेळ घेतला नाही, त्या राजाचं मला माघापासून चांगलं माहीत होतं.

"म्हणजे हरले," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो काकू. फ्रान्स जिंकलं."

डावी बाजू टाळ्या वाजवायला लागली. ढुंढिराजने हात वर करून त्यांना थांबवलं, पण चेहऱ्यावरचा आनंद त्याला काही थांबवता आला नाही. त्याने विचारलं की तह कोणत्या तिथीला झाला, म्हणजे तिथे नारळ फोडता येईल. मी म्हटलं, तह झालाच नाही. त्या वेळी युद्ध संपलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे घरी गेले आणि परत लढायला आले नाहीत, एवढंच. इंग्लंडचे राजे त्यानंतरही साडेतीनशे वर्षं स्वतःच्या नावापुढे फ्रान्सचे राजे असं लावत होते.

ढुंढिराज चिडला. तहाशिवाय समाप्ती धरायची, असं शास्त्रात कुठे आहे? काकूंचा चेहरा मात्र उजळला. त्या म्हणाल्या की बघा, गादी गेली पण हक्क सोडला नाही, आईकडून आलेला हक्क असाच असतो. मग उजव्या बाजूनेही टाळ्या वाजवल्या. नीरजाने शेवटी नारळ स्वतःच उचलला आणि फोडला, कारण दुसऱ्या दिवशीच्या क्विझचा प्रोजेक्टर लावून बघायचा होता.

पंचखाद्य खाऊन मी घरी निघालो. मंगला गौरीच्या देवळाच्या वळणावर गल्लीत कोणी नव्हतं. मला वाटलं होतं की शेवट सांगितला की आत एकदम रिकामं होईल. पण डोक्यात सारखं हेच, की काकू काय म्हणाल्या, ढुंढिराजचं तोंड कसं झालं, नीरजाने नारळ कसा आपटला. दर वर्षी या वळणावर शरदिनी मला विचारायची, आज कोण कोण झोपलं? व्याख्यान चांगलं झालं का हे ती कधी विचारायची नाही, ती झोपलेले मोजायची.

"रत्नाकर एकटा," मी म्हटलं, चांगलं मोठ्याने. "पण तो टॅल्बटच्या आधीच झोपला होता, त्यात माझा दोष नाही. आता पुढचं ऐक."

आणि घरापर्यंत मी तिला सगळं सांगत गेलो.