बोलणारी वाळू

दर रविवारी सकाळी शोभेच्या माशांच्या त्या अरुंद दुकानात माणसे हातात वाटी घेऊन येत. वाटीत ज्याच्या त्याच्या टाकीतली मूठभर वाळू असे. दुकानदाराला सगळे तळगुरू म्हणत. हे नाव त्याचे त्यानेच ठेवून घेतले होते, याचा एव्हाना सर्वांना विसर पडला होता. तो डोळे मिटून वाटीवर हात धरी, निळ्या बाटलीतले गुलाबाच्या वासाचे ‘मौनजल’ शिंपडी, आणि वाळू बोलू लागे. कणाकणातून बुडबुडे उठत, पांढरा फेस येई, आणि कान जवळ नेला की कुणी दाराआडून कुजबुजावे तसा बारीक सूर ऐकू येई.

“पाणी बदलता येतं,” तळगुरू म्हणे, “पण घरातलं दुःख तळाशी बसतं. त्याला वाट द्या.”

मग तो स्वतःच्या पोत्यातली काळी, गोळीदार ‘शांत माती’ वाटीत घेई आणि तिच्यावर तेच पाणी शिंपडी. ती गप्प. जुनी वाळू टाका, ही अंथरा, असा त्याचा उपदेश असे. नव्या मातीत काही जीव मेले तर ते तुमचे दुःखच घेऊन गेले, असेही तो आधीच सांगून ठेवी. विहिरीत पडला तरी याचा पाय कोरडाच राहायचा.

त्या रविवारी रांगेत एक मुद्रितशोधक उभा होता. दिवसभर इतरांच्या चुका हेरणारा हा तरुण घरी आल्यावर कुणाशी बोलत नसे, कारण बोलायला कुणी नव्हते. हिवाळ्यात आई गेली होती. मागे उरली होती तिची काचेची टाकी आणि तीत फिरणाऱ्या तांबड्या, नखाएवढ्या कोळंब्या. त्याही आता एकेक करून मरत होत्या. उरलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि त्या गेल्या की त्या खोलीत त्याच्याशिवाय काही हलणार नव्हते.

त्याच्या वाटीतली वाळू इतरांपेक्षा जास्त फेसाळली. तळगुरूने मान हलवली. “आई अस्वस्थ आहे तुझी. मोकळं कर तिला.”

त्याने वाटीला कान लावला. त्या सुरात शब्द नव्हते. तरी त्याला तो आणखी थोडा वेळ ऐकायचा होता.

शांत मातीचे पोते घेऊन तो घरी आला. वाळू उपसायला बसला, पण हात चालेना. आईची वाळू फेकायची तर निदान मावशीला विचारावे, असे त्याच्या मनात आले. मावशी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. आई गेल्यापासून तिचे फोन त्याने उचलले नव्हते. आज त्याने आपणहून केला.

“मावशी, आईची वाळू टाकतोय. तुला मूठभर ठेवू का?”

 ती म्हणाली, “मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.”

ती आली. तळगुरूची सगळी हकीकत त्याच्याकडून ऐकल्यावर तिने आधी स्वयंपाकघरातले व्हिनेगर काढले आणि वाटीतल्या मूठभर वाळूवर ओतले. वाळू बोलली. मग तिने अंड्याचे टरफल चुरून त्यावर ओतले. टरफलही बोलले.

“आता या अंड्याला कसलं रे दुःख?”

मग तिने सावकाश सांगितले. टरफलात असतो तसाच चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, या वाळूत आहे. त्यावर आंबट द्रव पडला की वायू सुटतो, तोच हा फेस. “कोळंब्यांना कवच करायला पाण्यात चुना लागतो. म्हणून तुझ्या आईने वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळला होता. आम्ही दोघींनी बसून कुटला होता तो. त्या मातीत चुना नाही, म्हणून ती गप्प. यात सिद्धी कसली आलीय? माती तशी वाईट नाही, पण नव्या मातीतून सुरुवातीला अमोनिया सुटतो. आज अंथरली असतीस तर राहिल्यात त्याही गेल्या असत्या.”

“मग आत्तापर्यंत का मेल्या?”

“वाळू तू कशी धुतोस?”

दर आठवड्याला, उकळत्या पाण्याने, असे तो म्हणाला. आईची वस्तू स्वच्छ राहावी म्हणून. मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. घाण पचवणारे सूक्ष्मजीव त्या वाळूतच राहत होते, आणि तो मायेने त्यांना उकळून काढत होता.

पुढच्या रविवारी मावशी त्याला घेऊन रांगेत उभी राहिली. तिने पोत्यातली चिमूटभर शांत माती वाटीत घेतली, तीत टरफलाचा चुरा कालवला आणि सर्वांदेखत वाटी पुढे केली. मौनजल पडले, शांत माती फसफसली.

“ताई, या मातीला तुमच्या घरचं दुःख लागलं,” तळगुरू सावरत म्हणाला.

“दुःख नाही, काल सकाळचं ऑम्लेट लागलंय,” मावशी म्हणाली आणि तिने घरून आणलेले व्हिनेगर शेजारच्याच्या वाळूच्या वाटीत ओतले. तीही वाळू बोलली, फक्त तिला गुलाबाचा वास नव्हता.

लोक हसले. तळगुरूला अचानक आतल्या खोलीतले काम आठवले. पण रांगेतला एक म्हातारा पहारेकरी हसला नाही. त्याने मावशीला विचारले, “मग माझी बायको बोलली नव्हती?”

मावशीने व्हिनेगरची बाटली खाली ठेवली. मुद्रितशोधकाला अनोळखी माणसांशी बोलणे जड जाई. तरी तोच पुढे झाला. “नाही, काका. मलाही वाटलं होतं आई बोलली. आपल्याला ऐकायचं होतं ना, ते खरं होतं. फेस मात्र चुन्याचा होता.”

आईची वाळू टाकीतच राहिली. काही दिवसांनी तिच्यावर एक पारदर्शक, निश्चल देह मुद्रितशोधकाला दिसला. हात फोनकडे गेला. पण आधी तो वाकला आणि त्याने नीट पाहिले. ते रिकामे कवच होते. शेवाळाआड जुने कवच टाकलेली कोळंबी नव्या अंगाने बसली होती.

एकट्या माणसाला कुणीतरी आपल्याशी बोलावे असे वाटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण जो आपल्या दुःखाला वाचा फोडतो म्हणतो, त्याच्या बाटलीत काय आहे ते आधी विचारावे. आणि कान द्यायचाच तर जिवंत माणसाला द्यावा. संध्याकाळी मावशीचा फोन आला. त्याने तो उचलला.