किल्लीचं कोरं पान

वाचनालयातल्या माझ्या कवितेच्या वर्गाचा एकच नियम होता. आधी डोळे मिटायचे, जे दिसेल त्याचं चित्र काढायचं आणि मगच कविता लिहायची. वर्षाच्या शेवटी मुलांची पुस्तिका निघायची. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर कविता.

किल्लीने कविता दिली, पण चित्राचा कागद कोराच. तिचे वडील चौकात किल्ल्या बनवतात, म्हणून ती किल्ली. वय अकरा.

बाबा किल्ली घासतात
तेव्हा दात शिवशिवतात माझे.
तेल प्यालं की कुलूप
घशातल्या घशात हसतं.

वाचून आनंद व्हायला हवा होता. मला आली शंका. या वयाचं मूल असं लिहितं?

ग्रंथपालबाईंना शंकाही नव्हती, खात्रीच होती. "चित्र नाही म्हणजे हिने काही बघितलंच नाही, सर. कुठून तरी उचललंय. उद्या मजकूर छापायला जातोय, ही कविता काढून टाका."

"हिच्या घरी नकलाच करतात," मागून एकजण पुटपुटला. "एका किल्लीच्या दोन."

मुलं हसली. किल्लीने कागद घट्ट धरला. "सर, बाबांना सांगितलंय मी, पुस्तकात येणार म्हणून."

मी तिला जवळ बसवलं. "डोळे मिटल्यावर काय दिसलं?"

"काही नाही."

"म्हणजे अंधार?"

"अंधार पण नाही." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला खरंच दिसतं?"

"दिसतं की. सगळ्यांनाच दिसतं."

"मला वाटायचं, सगळे थापा मारतात. नुसतं म्हणायची पद्धत असेल."

ही चलाखी तर नाही? मी कोपऱ्यातल्या जुन्या कपाटाकडे बोट दाखवलं. "यावर लिही. आत्ता, इथेच."

ती उठली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बिजागरीवर बोट ठेवलं. बाई डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या. पाच मिनिटांनी तिने कागद दिला.

कपाट आधी नाही म्हणतं,
मग लांबलचक हो.
आत हात घातला तर
थंडी बोटं मोजते.

बाईंनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. मी दोन्ही कविता शेजारी ठेवल्या. रंग नाही, आकार नाही. आवाज आणि स्पर्श, बस्स. मनात चित्र उमटत नसतानाच ती लिहीत होती. नियम माझा होता आणि संशय तिच्यावर.

"कविता येणार," मी म्हणालो. "चित्र दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. मला तर तुझे बाबा स्पष्ट दिसतात. लाल शर्ट, वाकलेली मान..."

"लाल शर्ट कुठे लिहिलाय मी?"

मी परत वाचलं. शर्ट नव्हताच. मानही नव्हती.

आता संशयाने बघायची पाळी तिची होती. "मग चित्र नको, सर. त्यात शर्ट येईल."

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला, "सर, एक डावं पान कोरं आलंय. चित्र राहिलं का?"

"राहिलं नाही," मी सांगितलं. "तसंच छापा."